बर्फाआधी गाव

आपल्याकडे स्वित्झर्लंडची सहल म्हटली की एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. बारा दिवसांत सात देश. त्यातले दोन दिवस आल्प्सच्या वाट्याचे. सकाळी बसने इंटरलाकेन, तिथून दातेरी रुळांच्या गाडीने ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोखला, तासभर बर्फाचे गोळे फेकायचे, कुडकुडत फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या देशाची वाट धरायची. हिंदी चित्रपटांनी या चित्रात रंग भरले. ते इतके पक्के बसले, की २०१६ साली इंटरलाकेनमध्ये यश चोप्रांचा पुतळा उभा राहिला. या सहलीला नाक मुरडण्याचे मला काही कारण दिसत नाही. आयुष्यभर काटकसर केलेल्या आईवडिलांना मुलांनी अशी सहल घडवली, तर त्यातला आनंद खराच असतो.

अलीकडे मात्र दुसऱ्या एका सहलीची चौकशी कानावर येऊ लागली आहे. मुलगा-सून कमावते आहेत, नातवंडांनी पडद्यावर स्कीइंग पाहिले आहे, आणि घरात ठरते की एकदा हिवाळ्यात आल्प्सला जाऊन स्कीइंग शिकायचेच. मग ओळखीपाळखीत विचारणा सुरू होते : कुठले उतार चांगले? कुठे किती किलोमीटरच्या वाटा आहेत? कुठल्या हॉटेलातून थेट बर्फावर पाय ठेवता येतो? मी त्या भागात दोन हिवाळे थोडेफार दिवस काढलेले असल्यामुळे हे प्रश्न माझ्याकडेही येतात. माझे उत्तर दर वेळी एकच असते. आधी गाव ठरवा, उतार मागाहून पाहू. हे उत्तर ऐकून पुष्कळांना वाटते, की मी विषय टाळतो आहे. म्हणून ते जरा सविस्तर सांगावेसे वाटते.

‘आल्प’ या शब्दाचा तिथल्या शेतकऱ्याच्या बोलीतला अर्थ पर्वत असा नाही. आल्प म्हणजे डोंगरावरचे उन्हाळी कुरण. जूनच्या सुमारास गावातल्या गायी वर चढतात, सप्टेंबरात गळ्यात घंटा आणि डोक्यावर फुले लेवून खाली येतात. मधल्या काळात वरच्या झोपडीतच चीज बनते. ज्याच्या गायींनी जितके दूध दिले, तितका त्याचा चीजमधला वाटा. २०२३ साली युनेस्कोने स्वित्झर्लंडच्या या कुरण-हंगामाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. खाली गावात, घराशेजारी लाकडी कोठारात हिवाळ्यासाठी गवत साठवलेले असते. आल्प्समधले पारंपरिक गाव म्हणतात ते हे. लाकडी सज्जे आणि खिडक्यांतली लाल फुले ही त्याची ओळख खरी, पण त्याचा कणा म्हणजे गाय, गवत आणि जंगल.

आणि याच कण्यावर स्कीइंगही उभे आहे. हिवाळ्यात ज्या उतारावरून आपण घसरणार, तो बहुधा कुणाचे तरी कुरण असतो. तिथे गायी चरल्या नाहीत किंवा गवत कापले गेले नाही, तर लांब वाढलेले गवत आडवे पडते आणि त्यावरून बर्फाचा थर सटकायला मदत होते. गावावरच्या जंगलाचेही तसेच. हिमकडे थोपवणारी झाडे तोडू नयेत म्हणून आंडरमाट या गावाने १३९७ साली लेखी बंदी घातली होती. आपल्या देवराईला कुऱ्हाड लागत नाही ती देवाच्या धाकाने. तिथे हा धाक हिमकड्यांचा आहे. तेव्हा उतार म्हणजे यंत्राने सपाट केलेला पांढरा पट्टा, असे समजून जाणाऱ्याला त्यामागची निम्मी मेहनत दिसतच नाही. मला स्कीइंगचा पहिला धडा देणारा शिक्षक उन्हाळ्यात गुराखी होता. ‘हिवाळ्यात माणसे वळवतो, उन्हाळ्यात गायी, गायी लवकर ऐकतात,’ असे तो म्हणे.

आता गाव कुठले? उदाहरणादाखल मी एकच खोरे घेतो, कारण आपल्या लोकांच्या ते वाटेवरचे आहे. इंटरलाकेनहून आगगाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर लाउटरब्रुनेन लागते. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि त्या कड्यांवर समोरासमोर दोन गावे : पूर्वेला १,२७४ मीटरवर वेंगेन, पश्चिमेला साधारण १,६४० मीटरवर म्यूरेन. दोन्ही गावांत बाहेरून मोटारीने जाता येत नाही. वेंगेनला १८९३ साली सुरू झालेली दातेरी रेल्वे नेते. म्यूरेनला केबलकारने कडा चढून पुढे छोट्या आगगाडीने जायचे, किंवा खोऱ्याच्या टोकाकडून केबलकारने थेट वर. मोटारी नसल्यामुळे पहिल्या संध्याकाळी आपल्या मुंबई-पुण्याच्या कानांना तिथली शांतता चमत्कारिक वाटते. दुसऱ्या दिवसापासून तीच हवीशी होते.

म्यूरेनचे आपल्याशी एक नातेही आहे आणि ते फारसे कुणाला ठाऊक नाही. हेन्री लन हे डॉक्टर मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आले होते. पुढे मायदेशी परतून त्यांनी सहलींचा व्यवसाय काढला आणि इंग्रजांना हिवाळ्यात आल्प्सला न्यायला सुरुवात केली. म्यूरेनची रेल्वे हिवाळ्यात बंद असे; १९१०-११ च्या हंगामात ती चालू झाली ती त्यांच्या खटपटीने. त्यांचा मुलगा आर्नल्ड लन याचा जन्म १८८८ सालचा, आणि तो मद्रासचा. या आर्नल्डने १९२२ साली म्यूरेनच्या उतारावर झेंड्यांच्या जोड्या रोवून आधुनिक स्लॅलम शर्यतीला जन्म दिला. १९३१ साली आल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा याच गावात झाली. तिथल्या जुन्या क्लबचे नाव ‘कंदाहार’ आहे. ते आले लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांच्या नावाच्या चषकावरून, आणि हे रॉबर्ट्स जन्मले कानपुरात. मद्रास, कानपूर, कंदाहार अशी वळणे घेत हा खेळ आल्प्समधल्या एका गुराख्यांच्या गावात स्थिरावला, ही गंमत मुलांना जरूर सांगावी.

या इतिहासाने गावाला पोट दिले. शेतीवर जगणे कठीण असलेल्या माणसाला हिवाळ्यात लिफ्टवर काम मिळाले, शिक्षकाची नोकरी मिळाली, घरातल्या दोन खोल्या भाड्याने देता आल्या. पण त्याच पर्यटनाची दुसरी बाजू अशी, की गावातली घरे गावकऱ्यांना परवडेनाशी झाली. बाहेरचे धनिक घर घेतात, वर्षातून दोन-तीन आठवडे येतात, बाकी काळ खिडक्या बंद. तिथे अशा घरांतल्या पलंगांना ‘थंड बिछाने’ म्हणतात. आपल्याकडे लोणावळ्याच्या कुलूपबंद बंगल्यांवरून फिरणाऱ्याला हे वेगळे समजावून द्यायला नको. ११ मार्च २०१२ रोजी स्विस मतदारांनी या प्रश्नावर कौल दिला. कोणत्याही ग्रामपालिकेत अशी दुय्यम घरे वीस टक्क्यांहून अधिक नसावीत, हा प्रस्ताव ५०.६ टक्के मतांनी, म्हणजे अगदी काठावर, मंजूर झाला. शहरांनी बाजूने मते दिली, डोंगराळ भागाने विरोधात. कारण बांधकाम थांबले तर गवंडी-सुतारांनी खायचे काय, हाही प्रश्न खराच होता. म्यूरेनमध्ये आज वर्षभर राहणारी माणसे जेमतेम चार-साडेचारशे, आणि पाहुण्यांसाठी खाटा दोन हजारांच्या आसपास. गावातली शाळा बंद झाली. मुले आता शिकायला खाली लाउटरब्रुनेनला जातात. शाळा बंद होणे म्हणजे काय, हे कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

इथे पाहुण्याचा प्रश्न येतो. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा पाहुणा गावाला गर्दी देतो, कचरा देतो. पैसा त्या मानाने थोडा. इंटरलाकेनजवळच्या इझेल्टवाल्ड या लहानशा गावात एका कोरियन मालिकेतला प्रसंग चित्रित झाला आणि धक्क्यावर फोटो काढणाऱ्यांची इतकी रीघ लागली, की २०२३ साली तिथे पाच फ्रँकचे फाटक बसवावे लागले. उलट जो आठवडाभर राहतो, तो बेकरीत जातो, वाण्याकडे जातो, शिक्षकाची फी देतो, रोजचा पाहुणा-कर भरतो. या करातून गावातल्या पाहुण्यांसाठीच्या सोयी चालतात. म्हणून माझे पहिले सांगणे हे, की सात रात्री एकाच गावात राहा. मुंबईहून विमानाने जाण्यात जो धूर आपण सोडतो, त्याचे समर्थन करणे मुळात अवघड आहे. एकदा गेल्यावर एकाच ठिकाणी मुक्काम ठोकून रेल्वेने हिंडावे, एवढे तरी आपल्या हाती असते. झुरिचच्या विमानतळाखालीच रेल्वेस्थानक आहे. तिथून या गावांपर्यंत साधारण साडेतीन तास लागतात.

दोन गावांतून निवडायचे, तर नवशिक्या कुटुंबाने पहिल्या खेपेला वेंगेन घ्यावे. गावाच्या मध्यातच शिकाऊ मुलांचा उतार आहे, आणि त्याच रेल्वेने वर २,०६१ मीटरवरच्या क्लाइन शायडेगला गेले की सोप्या वाटा मिळतात. म्यूरेनच्या वरचे शिल्टहॉर्न शिखर २,९७० मीटर उंच. तिथे बर्फाची खात्री जास्त, पण उतार अवघड. तिथे एक दिवस नुसते पाहायला जावे. युरोपात वाटांना रंग असतात : निळी सोपी, लाल मध्यम, काळी कठीण. आठवडाभर निळ्या वाटेवर काढण्यात कोणताही कमीपणा नाही. पुढे असलेल्या माणसाला नेहमी अग्रहक्क, मागून येणाऱ्याने जपायचे, हा तिथला मूळ नियम मुलांना जाण्याआधीच पाठ करून द्यावा. आपल्या रस्त्यांवरच्या सवयी तिथे उपयोगाच्या नाहीत.

कधी जावे, हा प्रश्न शाळेच्या वेळापत्रकाशी बांधलेला आहे. नाताळचा आठवडा सर्वांत महाग आणि गर्दीचा. बर्फही त्या सुमारास दगा देऊ शकतो. नव्या वर्षाची गर्दी ओसरल्यावर जानेवारीत दर उतरतात, मात्र जानेवारीच्या मध्यावर वेंगेनला लाउबरहॉर्नची शर्यत असते. १९३० पासून चालत आलेल्या या शर्यतीच्या दिवसांत खोली मिळणे मुश्कील. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या लागतात. ज्यांच्या मुलांच्या परीक्षा लवकर संपतात, त्यांना मार्चचा उत्तरार्ध सोयीचा : दिवस मोठा, ऊन उबदार. फक्त अशा वेळी वरच्या उतारांवर नेणारी सोय असलेलेच गाव निवडावे. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. त्यासाठी तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण त्यात स्कीइंगची दुखापत आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका धरली आहे का, हे बारीक अक्षरे वाचून पाहावे. एका फ्रँकला शंभराहून अधिक रुपये पडतात हे लक्षात घेतले, म्हणजे ही अक्षरे वाचण्याचा उत्साह आपोआप येतो.

स्की आणि बूट विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. गावात भाड्याने मिळतात. हेल्मेटही तिथेच. सुती कपडे घामाने भिजून गारठतात, म्हणून आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर हवा. बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना आणि कातडीला पोळते, तेव्हा चष्मा आणि मलम विसरू नये. निघण्यापूर्वी दोन महिने रोज उठाबशा काढाव्यात. शाळेत शिक्षा म्हणून काढलेल्या उठाबशा इतक्या कामी येतील, असे कुणाला वाटले नसेल! शिक्षकाशिवाय बर्फावर उतरू नये. बहुतेक गावांत आठवड्याचे वर्ग असतात. मुलांचे वेगळे, मोठ्यांचे वेगळे. आजीआजोबांनी घरी थांबायची गरज नाही. बर्फ दाबून केलेल्या पायवाटा, घसरगाडी, आणि रेल्वेने वर जाऊन उन्हात कॉफी घेत बसणे, हा त्यांचा हक्काचा कार्यक्रम.

खाण्याबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. किसलेल्या बटाट्याचा रोश्टी, वितळलेल्या चीजचे राक्लेट आणि फोंड्यू शाकाहारी दिसतात खरे. पण पारंपरिक स्विस चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात आणि फोंड्यूत पांढरी वाइन असते. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी आधीच विचारून घ्यावे. त्यासाठी स्वयंपाकघर असलेले घर आठवड्याने भाड्याने घेणे उत्तम. ते शक्यतो गावातच राहणाऱ्या मालकाचे घ्यावे. दिवसभर पडून-धडपडून आल्यावर मुगाच्या खिचडीइतके सुख दुसऱ्या कशात नाही, आणि मालकीणबाईंना वाटीभर नेऊन दिली तर ओळखही होते.

आता सर्वांत अवघड मुद्दा. हा बर्फ किती दिवस टिकणार? २००७ साली ओईसीडी या संघटनेने आल्प्समधल्या ६६६ स्की-क्षेत्रांचा हिशेब मांडला होता. त्यांपैकी ६०९ ठिकाणी नैसर्गिक बर्फाचा भरवसा धरता येत होता. तापमान दोन अंशांनी वाढले तर ही संख्या ४०४ वर येईल, असे त्यात म्हटले होते. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपल्या आकारमानाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. कमी उंचीवरची गावे यंत्राने बर्फ पाडतात, पण त्यालाही पाणी, वीज आणि थंडी लागतेच. हे फक्त तिकडचे दुखणे नाही. जिथे आपली मुले स्वस्तात स्कीइंग शिकू शकतात, त्या गुलमर्गला २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, आणि २०२५ साली बर्फाअभावी तिथल्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या.

म्यूरेनच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला जी हिमशिखरांची भिंत आहे, तिच्या पलीकडे ल्योत्शेनटाल नावाचे खोरे आहे. चौदाव्या शतकात म्यूरेन आणि आसपासच्या वाड्या वसवल्या त्या याच खोऱ्यातून बर्फ ओलांडून आलेल्या माणसांनी. तिथे ब्लाटेन हे गाव होते : उन्हाने काळवंडलेली लाकडी घरे, चर्च, कोठारे, सुमारे तीनशे वस्ती. मे २०२५ मध्ये वरच्या डोंगराचे खडक सुटून बिर्च हिमनदीवर कोसळू लागले. १९ मे रोजी माणसे आणि गुरे हलवण्यात आली. २८ मे रोजी हिमनदी खडकांच्या भारासह तुटून खाली आली आणि गावाचा सुमारे नव्वद टक्के भाग दगडमातीखाली गेला. एका माणसाचा जीव गेला. वेळेवर गाव रिकामे केले नसते तर काय झाले असते, याची कल्पनाच करावी. या एका घटनेचे खापर सरसकट हवामानबदलावर फोडायला शास्त्रज्ञ कचरतात, पण डोंगरांना सांधून ठेवणारे बर्फ वितळते आहे याविषयी दुमत नाही. गावकऱ्यांनी काय ठरवले? गाव पुन्हा उभारायचे.

ही जिद्द समजायची असेल, तर तिकडे केवळ उतार शोधत जाऊन भागणार नाही. ज्याला फक्त बर्फ हवा आहे, तो बर्फ नाहीसा झाला की दुसरीकडे जाईल. दुबईत तर एका मॉलमध्येही स्कीइंगची सोय आहे. ज्याने गाव निवडले आहे, त्याचा आठवडा पाऊस पडला तरी फुकट जात नाही. तो बेकरीवाल्याशी बोलतो, कोठारातल्या गवताचा वास घेतो, वरच्या जंगलाकडे बोट दाखवून मुलांना सांगतो, की ही झाडे या गावाने शतकानुशतके राखली म्हणून हे गाव आहे. त्याच्या पैशाचा थोडा का होईना वाटा अशा माणसाच्या हाती पडतो, जो जूनमध्ये पुन्हा गायी घेऊन वर जाणार असतो.

म्हणून यंदा कुणाच्या घरी हा बेत शिजत असेल, तर नकाशा उघडून आधी काही साधे प्रश्न विचारा. या गावात वर्षभर माणसे राहतात का? घर भाड्याने देणारा तिथलाच आहे का? उन्हाळ्यात वरच्या कुरणात गायी जातात का? रेल्वे किंवा बस थेट पोहोचते का? यांची उत्तरे होकारार्थी आली की मग उतार, लिफ्ट, पास आणि बूट यांच्याकडे वळा. बर्फ पडणे आपल्या हातात नाही. कुठल्या गावाचे पाहुणे व्हायचे, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.